चोवीस ओळींचे आकाश

संगणकाच्या पडद्यावर आकाश पाहण्याची साधने आज इतकी मुबलक आणि इतकी नटलेली आहेत की त्यांत उणीव काढणे हेच अवघड व्हावे. फाब्यँ शेरो या फ्रेंच तरुणाने २००० साली आरंभिलेल्या स्टेलेरियमने संधिप्रकाशाच्या छटा, क्षितिजावरची झाडी आणि ताऱ्यांचे लुकलुकणे हे सारे वैभव घरबसल्या उपलब्ध करून दिले. पुढे तर खिशातला फोन आकाशाकडे रोखताच समोरच्या ताऱ्याचे नाव सांगणारे प्रोग्रॅम शाळकरी मुलांच्याही परिचयाचे झाले. अशा सुबत्तेच्या दिवसांत, चित्र नाही, माउस नाही, बटण नाही, केवळ काळ्या पडद्यावर ठिपके, अधिकचिन्हे आणि रोमन अक्षरे मांडून आकाश दाखवणारा एखादा प्रोग्रॅम कोणी लिहावा आणि जाणत्या लोकांनी तो आवडीने चालवावा, ही गोष्ट प्रथमदर्शनी निव्वळ विक्षिप्तपणाची वाटेल. ॲस्ट्रोटर्म हा असाच प्रोग्रॅम आहे. तो सी भाषेत लिहिलेला आहे, विनामूल्य आहे, त्याचा मूळ मजकूर कोणालाही वाचता येतो, आणि तो चालतो टर्मिनलच्या खिडकीत, म्हणजे जिथे संगणकाला हुकूम टंकित करून द्यावा लागतो त्या कमांड लाइनवर. त्याच्याशी काही काळ परिचय झाल्यावर माझे मत असे बनले आहे की, त्याचे दारिद्र्य हाच त्याचा गुण आहे, आणि त्या गुणाची मुळे आपल्या पंचांगकर्त्यांच्या परंपरेत फार खोल गेलेली आहेत.

हुकुमाचे स्वरूप अगदी साधे असते. प्रोग्रॅमचे नाव लिहावे, त्यापुढे अक्षांश, मग रेखांश, मग दिनांक आणि वेळ, आणि इच्छा असल्यास तेजाच्या कोणत्या प्रतीपर्यंतचे तारे दाखवावेत ती मर्यादा. वेळ जागतिक प्रमाणवेळेत द्यायची असल्यामुळे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करण्याचा किरकोळ हिशेब आधी उरकावा लागतो. एंटर दाबताच पडद्यावर एक वर्तुळ उमटते. त्याचा परीघ म्हणजे आपले क्षितिज, त्याचा मध्य म्हणजे खस्वस्तिक, बरोबर डोक्यावरचा बिंदू, आणि आत विखुरलेली चिन्हे म्हणजे त्या स्थळी त्या क्षणी क्षितिजावर असलेले तारे, ग्रह आणि, असल्यास, आपल्या त्या दिवसाच्या कलेसह चंद्र. तारकासमूहांच्या रेषा हव्या असतील तर त्या मागाव्या लागतात. रंग हवे असतील तर तेही मागावे लागतात. न मागता मिळत नाही, आणि मागताना प्रथम आपण कोठे उभे आहोत हे सांगणे भाग पडते. पूजेच्या आरंभी हातात उदक घेऊन यजमान संकल्प सोडतो, तेव्हा कोणत्या नदीच्या कोणत्या तीरी, कोणत्या शकात, कोणत्या तिथीला आणि कोणत्या नक्षत्री आपण बसलो आहोत याचा उच्चार केल्यावाचून पुढचे कर्म सुरू होत नाही. या प्रोग्रॅमचा हुकूम म्हणजे यंत्रापुढे सोडलेला तसाच एक संकल्प होय.

या काळ्या पडद्याचा आणि आकाशाचा संबंध मात्र नवा नाही. एका अर्थाने तो कमांड लाइनच्या जन्मापासूनचा आहे. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन यांनी ‘स्पेस ट्रॅव्हल’ नावाचा खेळ रचला. सूर्य, ग्रह आणि त्यांचे उपग्रह यांच्यामधून एक यान हाकीत न्यावे आणि वाटेल तिथे उतरवावे, असा तो खेळ होता. मोठ्या संगणकावर तो एकदा खेळायला यंत्राच्या वेळेपोटी सुमारे ७५ डॉलर खर्ची पडत. हा खर्च टाळण्यासाठी थॉम्पसन यांनी कोपऱ्यात पडलेले पीडीपी-७ जातीचे एक लहान यंत्र हाताशी धरले, डेनिस रिची यांच्या साहाय्याने खेळ त्यावर उतरवला, आणि त्या खटाटोपात त्या यंत्राची जी ओळख झाली तिच्यातूनच पुढे युनिक्स ही कार्यप्रणाली उभी राहिली. रिची यांनी त्यानंतर सी भाषा घडवली. सौरमंडलाच्या एका खेळापायी ज्या प्रणालीला चालना मिळाली, तिच्याच घराण्यातल्या भाषेत आणि तिच्याच धर्तीच्या कमांड लाइनवर आज पुन्हा आकाश उमटावे, यात काही औचित्य आहे खास.

पडद्याची मापेही तशीच वारसाहक्काने आलेली. ओळीत ऐंशी अक्षरे हा दंडक आयबीएमच्या १९२८ सालच्या छिद्रपत्रांपासून चालत आला, आणि ऐंशी स्तंभ व चोवीस ओळी हे माप १९७८ च्या व्हीटी-१०० या टर्मिनलने रूढ केले. आज तो टर्मिनल वस्तुसंग्रहालयात गेला असला तरी आपल्या संगणकावरची टर्मिनलची खिडकी त्याचीच नक्कल करते. चोवीस गुणिले ऐंशी, म्हणजे एकोणीसशे वीस घरे. अवघे नभोमंडल एवढ्यात बसवायचे. त्यातही प्रत्येक घर रुंदीच्या साधारण दुप्पट उंच असल्यामुळे, आडव्या मापाला योग्य तो गुणक लावल्यावाचून वर्तुळ वर्तुळ राहत नाही. तारे सरकू लागले की सारा पडदा पुसून पुन्हा लिहिणे परवडत नाही. म्हणून ‘कर्सेस’ नावाच्या जुन्या आज्ञासंग्रहाच्या आधुनिक आवृत्तीकडे हे काम सोपवलेले असते, आणि ती चाणाक्ष कारकुनाप्रमाणे जेवढी अक्षरे बदलली तेवढीच नेमकी दुरुस्त करते.

आता या घरांत भरायचे तारे कोठून येतात ते पाहू. त्यांचे मूळ दप्तर म्हणजे येल विद्यापीठाचा तेजस्वी ताऱ्यांचा कॅटलॉग. फ्रँक श्लेसिंजर यांनी त्याची पहिली आवृत्ती १९३० साली सिद्ध केली. पुढे डॉरिट हॉफ्लिट या विदुषीने तो आपल्या आयुष्याचा विषय केला आणि १९९१ मध्ये त्याची पाचवी आवृत्ती संगणकाला वाचता येईल अशा रूपात तयार झाली. शंभर वर्षांचे आयुष्य लाभलेल्या हॉफ्लिटबाई २००७ साली निवर्तल्या. त्यांच्या दप्तरात ९,११० नोंदी आहेत, आणि त्यांपैकी चौदा नोंदी सामान्य ताऱ्यांच्या नसून नवतारे, तारकागुच्छ अशा वस्तूंच्या आहेत. जुन्या याद्यांतून आलेले हे क्रमांक मोडू नयेत म्हणून त्या तशाच ठेवल्या गेल्या. साडेसहाव्या प्रतीपर्यंतचे, म्हणजे स्वच्छ काळोख्या रात्री तीक्ष्ण नजरेला जेमतेम दिसणारे बहुतेक सारे तारे यात आले. प्रतीचे हे मोजमाप ज्या प्रमाणावर चालते ते नॉर्मन पॉगसन यांनी १८५६ साली सुचवले: पाच प्रतींचे अंतर म्हणजे तेजात शंभर पट फरक. हेच पॉगसन १८६१ पासून तीस वर्षे मद्रास वेधशाळेचे सरकारी ज्योतिषी होते आणि तिथेच त्यांनी देह ठेवला. तारे किती प्रतीपर्यंत दाखवावेत हे आपण हुकुमात लिहितो, तेव्हा मद्रासच्या त्या ज्योतिष्याचेच माप वापरीत असतो.

दप्तरात ताऱ्याचे विषुवांश आणि क्रांती, म्हणजे खगोलावरचे त्याचे स्थान, लिहिलेले असते. परंतु तो आता कोणत्या दिशेला आणि किती उंचीवर आहे हे दप्तर सांगत नाही. ते काढायचे तर प्रथम काळाची मोजदाद हवी. महिना कधी तिसांचा, कधी एकतिसांचा, वर्ष कधी प्लुत. या व्यवहारी कालगणनेत यंत्र गोंधळते, म्हणून ज्योतिषी दिवसांची सलग गणती करतात. पाश्चात्त्य पद्धतीत ही गणती इसवी सनापूर्वी ४७१३ सालापासून चालते आणि १ जानेवारी २००० च्या मध्यान्ही ती २४,५१,५४५ वर पोचली होती. आपल्याकडे यालाच अहर्गण म्हणतात, आणि करणग्रंथांतील ग्रहगणिताचा आरंभ अहर्गणसाधनानेच होतो. दिवसांची संख्या हाती आली की पृथ्वी किती वळली ते कळते. सूर्याच्या हिशेबाने एका दिवसात पृथ्वी ३६० नव्हे, तर जवळजवळ ३६१ अंश वळते. म्हणून तारा रोज सुमारे चार मिनिटे लवकर उगवतो. या गणिताने नाक्षत्रकाल मिळतो, त्यात रेखांश मिळवला की स्थानिक नाक्षत्रकाल, त्यातून विषुवांश वजा केला की ताऱ्याचा नतकाल, आणि अक्षांश व क्रांती यांच्या ज्या-कोटिज्यांनी शेवटी उन्नतांश आणि दिगंश. ग्रहांचे काम याहून थोडे वाढते, कारण त्यांच्या लंबवर्तुळाकार कक्षांत केप्लरचे समीकरण आडवे येते, आणि ते थेट सुटत नसल्यामुळे अंदाज करायचा, चूक तपासायची, अंदाज सुधारायचा, असे फेरे घालावे लागतात. यंत्राला अशा फेऱ्यांचा कंटाळा नाही.

हे वाचताना ज्याला ‘ग्रहलाघव’ आठवणार नाही असा जुन्या पिढीतला पंचांगकर्ता विरळा. कोकणात मुरुड-जंजिऱ्याच्या उत्तरेला समुद्रकाठी नांदगाव आहे. तिथल्या केशव दैवज्ञांचे पुत्र गणेश दैवज्ञ यांनी शके १४४२ मध्ये, म्हणजे इसवी सन १५२० मध्ये, हा ग्रंथ रचला. अहर्गण फुगत जाऊन गुणाकार-भागाकार अवजड होतात हे ओळखून त्यांनी अकरा वर्षांचे एक चक्र कल्पिले, त्याचे ४,०१६ दिवस धरले, आणि पूर्ण झालेल्या चक्रांचा हिशेब निराळा ठेवून उरलेल्या दिवसांची संख्या कायम लहान राहील अशी व्यवस्था केली. त्याहून मोठे धाडस असे की, ज्या-कोटिज्यांची कटकट त्यांनी ग्रंथातून समूळ काढून टाकली आणि त्यांच्या जागी साध्या अंकगणिताने जुळणारी आसन्न सूत्रे योजली. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या भारतीय ज्योतिषशास्त्राच्या इतिहासात या पितापुत्रांच्या कार्याचा साक्षेपाने परामर्श घेतला आहे. ज्या कामाला जेवढी सूक्ष्मता लागते तेवढीच ठेवावी आणि बाकीचे ओझे उतरवावे, हे गणेश दैवज्ञांचे धोरण आजच्या प्रोग्रॅमकारांनाही तंतोतंत लागू पडते. अमेरिकेच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीने १८०० ते २०५० या कालखंडासाठी ग्रहांच्या कक्षांची एक लहानशी सारणी प्रसिद्ध केली आहे. तिने काढलेल्या शनीच्या स्थानात दहा कलांपर्यंत चूक राहू शकते, म्हणजे चंद्रबिंबाच्या एक तृतीयांश. दुर्बिणीच्या कामाला हे चालणार नाही. पण जिथे पडद्यावरचे एक घरच कित्येक अंशांचे, तिथे याहून सूक्ष्म गणित करणे म्हणजे मण-शेराच्या वजनकाट्यावर गुंजा मोजण्यासारखे होईल.

एक घर कित्येक अंशांचे, असे वर म्हटले. ते किती, हे आकाशाचा घुमट सपाट करण्याच्या रीतीवर अवलंबून असते. येथे जो प्रक्षेप वापरतात तो पुरातन आहे. पितळी तबकडीवर आकाश कोरणारे यंत्र, ज्याला आपल्याकडे यंत्रराज म्हणत, त्याच प्रक्षेपावर बेतलेले असे; फिरोजशहा तुघलकाच्या आश्रयाला असलेल्या महेंद्रसूरी या जैन पंडिताने १३७० मध्ये त्यावर संस्कृतात स्वतंत्र ग्रंथच लिहिला. या प्रक्षेपात आकाशातले वर्तुळ कागदावर वर्तुळच उतरते आणि कोन बिघडत नाहीत, त्यामुळे तारकासमूहांची ठेवण ओळखू येते. मात्र मध्यभागी आकाश आकसते आणि काठाकडे पसरते. चोवीस ओळींच्या पडद्यावर हिशेब केला तर डोक्यावर एक ओळ सुमारे साडेनऊ अंशांची भरते, तर क्षितिजालगत पावणेपाच अंशांची. साऱ्या कृत्तिका एकाच घरात बसतात. मृगाचे तीन ताऱ्यांचे बाणसुद्धा निराळे दिसतीलच अशी हमी नाही.

अशा उपकरणाची परीक्षा घ्यायची तर नांदगावीच घ्यावी, असे मनात आले, आणि पौष अमावास्येच्या आगेमागे, संगणकाच्या व्यवसायातल्या एका तरुण स्नेह्यासह, मी तिथे गेलो. समुद्रावर अंधार बरा होता. स्नेह्याने यजमानांच्या पडवीत बसून १८.४ उत्तर आणि ७२.९ पूर्व असे आकडे टंकित केले आणि रात्री अकराच्या पुढची वेळ, प्रमाणवेळेत बदलून, दिली. वृद्ध यजमान खुर्ची ओढून जवळ बसले आणि बराच वेळ पडद्याकडे पाहून म्हणाले, “ह्यात बघायचं काय? नुसते ठिपके आहेत.”

“बघायचं ह्यात नाही, काका,” स्नेही म्हणाला. “कुठला ठिपका कुठं बघायचा, एवढंच हे सांगतं. बघायला वाळूत जायचं.”

वाळूत जाण्यापूर्वी पडद्यावर एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. वर, उत्तरेच्या काठापासून तीन-साडेतीन ओळी आत, ध्रुव होता. आणि खाली, दक्षिणेच्या काठापासून जवळजवळ तितक्याच ओळी आत, अगस्त्य. हा योगायोग कसा, याचा उलगडा बोटांवर होण्याजोगा आहे. ध्रुवाची उंची ही स्थूलमानाने त्या गावाच्या अक्षांशाएवढी, म्हणजे येथे साडेअठरा अंशांच्या घरात. अगस्त्याची दक्षिण क्रांती ५२.७ अंश, नव्वदांतून ती आणि अक्षांश वजा केले की याम्योत्तरावर, म्हणजे डोक्यावरून जाणाऱ्या दक्षिणोत्तर रेषेवर, त्याची उंची १८.९ अंश राहते. याच अक्षांशाच्या पट्ट्यात, याच एका घटकेला, उत्तरेचा अचल तारा आणि दक्षिणेचा ऋषी दोन्ही क्षितिजांवर सारख्याच उंचीने समोरासमोर उभे ठाकतात. अक्षांश बदलून बॉस्टनचा ४२.४ दिला की ध्रुव वर चढतो आणि अगस्त्य वर्तुळातून साफ नाहीसा होतो. चित्रमय प्रोग्रॅममध्येही हे दिसले असते हे खरे. परंतु तिथे चांदण्यांच्या, धुक्याच्या आणि झाडीच्या शोभेत डोळा रमला असता आणि दोन ठिपक्यांची ही समतोल मांडणी, जी केवळ गणिताची आहे, नजरेतून निसटली असती.

मग आम्ही वाळूत गेलो. मृग याम्योत्तर ओलांडून पश्चिमेकडे कलला होता, व्याध माथ्याकडे निघाला होता, गुरू पुनर्वसूच्या अलीकडे जवळजवळ डोक्यावर होता, आणि ईशान्येला सप्तर्षी वर येऊ लागले होते. यजमानांनी हाताची मूठ ताठ धरून ध्रुवाची उंची मोजली. हात लांब करून धरलेली मूठ सुमारे दहा अंशांची मानतात, त्यामुळे ध्रुव पावणेदोन-दोन मुठींवर भरला. मागे वळून त्यांनी अगस्त्य मोजला, तोही तितकाच. “अगस्त्योदय पंचांगात छापतात तो हाच ना?” त्यांनी विचारले. हाच. पावसाळा सरत आला की पहाटे दक्षिणेला याचे दर्शन घ्यावे, आणि याच्या उदयाने गढूळ पाणी निवळते, असे आपल्याकडे परंपरेने सांगत आले आहेत. घरी पडदा पाहून ज्यांनी ‘नुसते ठिपके’ म्हटले होते, त्याच गृहस्थांनी आता पुढचा तास एकेका ठिपक्याचा माग आकाशात काढण्यात घालवला.

भारतीय ज्योतिषाने गणिताला एक कसोटी नेमून दिली आहे. तिला दृक्प्रत्यय म्हणतात. गणिताने आलेला ग्रह डोळ्यांना त्याच जागी दिसला पाहिजे. न दिसला तर दोष आकाशाचा नव्हे, गणिताचा. एकोणिसाव्या शतकात केरो लक्ष्मण छत्र्यांनी १८६० साली ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध करून पटवर्धनी पंचांगाचा पाया घातला, आणि पुढे व्यंकटेश बापूजी केतकरांनी ‘ज्योतिर्गणित’ रचले, ते याच कसोटीपायी. आधुनिक चित्रमय साधनांनी आपल्यावर जो एक सूक्ष्म अन्याय केला आहे तो हा की, त्यांनी गणित आणि दर्शन या दोन्ही बाजू स्वतःकडेच घेतल्या. पडद्यावर इतके भरघोस आकाश दिसल्यावर पडताळ्यासाठी अंगणात जाण्याचे कारण उरत नाही. टर्मिनलवरचा प्रोग्रॅम मात्र फक्त गणिताची बाजू सांगतो आणि दर्शनाची बाजू मोकळी ठेवतो. ती भरायला माणसाला उठावेच लागते.

ती भरताना एक नवीनच जमाखर्च उघडा पडतो. पाचव्या प्रतीची मर्यादा दिली की साऱ्या खगोलावरचे सोळाशेच्या आसपास तारे हिशेबात येतात. तिसऱ्या प्रतीची दिली की दोनशेहून कमी उरतात. मुंबई-पुण्यातल्या गच्चीवर उभे राहून पडद्यावरचे आणि डोळ्यांचे आकाश जुळवायचे असेल तर ही मर्यादा तिसऱ्या प्रतीकडे खाली आणावी लागते, आणि जेवढी ती खाली आणली तेवढे तारे शहराच्या दिव्यांनी आपल्या नावावरून खारीज केले, असा त्याचा अर्थ होतो. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिल्या ‘डार्क स्काय पार्क’चा मान मिळाला, त्याचे मोल या एका आकड्याने जितके स्पष्ट होते तितके व्याख्यानांनी होत नाही. एखाद्या शाळेच्या अडगळीतला जुना संगणकही हा प्रयोग करू शकेल, कारण याला ना भारी यंत्र लागते ना चालवताना इंटरनेटची जोडणी.

एक उणीव मात्र मराठी वाचकाला जाचणारी आहे. ताऱ्यांची नावे पडद्यावर येतात ती आंतरराष्ट्रीय यादीतली. स्वाती, चित्रा, ज्येष्ठा तिथे परक्या नावांनी वावरतात. मूळ मजकूर खुला असल्यामुळे नावांची यादी बदलण्याला कोणाची सनद लागत नाही. खरी अडचण निराळी आहे. टर्मिनल एका अक्षराला एक घर असा रोमन हिशेब धरून चालतो, आणि देवनागरीतली काना-मात्रा-जोडाक्षरे त्या हिशेबात नीट बसत नाहीत. ‘ज्येष्ठा’ लिहावे तर शेजारचे चार तारे जागचे हलतात. स्नेह्याने यावर काम आरंभिले आहे. पडद्यावरचे अक्षर किती घरे व्यापते ते आधी मोजून मग जागा राखायची, असा त्याचा बेत आहे.

केशव दैवज्ञांनी आपल्या ग्रंथाविषयी पुढच्या गणितज्ञांना बजावून ठेवले होते की, काळाच्या ओघात अंतर पडत जाईल, तेव्हा ग्रहतारे प्रत्यक्ष पाहून नवे गणित करावे. ग्रंथकर्त्याने आपल्याच ग्रंथाच्या दुरुस्तीची अशी आगाऊ परवानगी देणे ही त्या काळीही असामान्य गोष्ट होती. खुल्या मजकुराचे प्रोग्रॅम लिहिणारे आज तीच परवानगी परवान्याच्या कलमांत लिहून देतात. तिचा लाभ घ्यायला मराठी माणसाला दोनच गोष्टी पुरेशा आहेत: थोडी सी भाषा, आणि रात्री बाहेर पडण्याची सवय. पहिली शिकवणारे वर्ग गल्लोगल्ली आहेत; दुसरी ज्याची त्याने लावून घ्यायची आहे.